जेसीबी लावण्याआधी: ठाणे–नवी मुंबईत खोदकामाला पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी

सोसायटीच्या आवारातली ड्रेनेजची लाइन बदलायची असते. कुंपणाची भिंत नव्यानं घ्यायची असते. किंवा नव्या नोकरीत साहेब कामाचा कागद हातात देऊन सांगतात, ‘उद्या सकाळी जेसीबी येतोय, साइटवर उभं राहा.’ हा लेख त्या उभं राहणाऱ्या माणसासाठी आहे, मग तो सोसायटीचा सेक्रेटरी असो, नवा सुपरवायझर असो की पहिलंच काम घेतलेला छोटा ठेकेदार. खोदायचं कसं हे मुकादमाला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. खोदायच्या आधी काय बघायचं आणि कुठे थांबायचं, हे मात्र तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण चरात उतरणारा माणूस तुमच्या शब्दावर उतरतो.

आपल्याकडे जमिनीखाली काय काय असतं, याची कल्पना यायला एक घटना पुरे. ठाण्यात कुणीतरी बोअरवेल मारली आणि ती मुंबई महापालिकेच्या जलबोगद्यापर्यंत पोचली. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्राला पाणी नेणारा हा बोगदा ५,५०० मिलिमीटर व्यासाचा आणि १५ किलोमीटर लांबीचा. त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवस मुंबईत १५ टक्के पाणीकपात करावी लागली. खोदणाऱ्याच्या पायाखाली बोगदा आहे, असं वरच्या जमिनीवर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून सगळ्या लेखाचा कणा आधीच सांगतो. नकाशा, लॉकेटर (जमिनीखालची केबल शोधायचं यंत्र) आणि जुन्या माणसांची आठवण, या तिन्ही गोष्टींतून मिळतो तो अंदाज. केबल किंवा पाइप हाताने उघडा करून डोळ्यांनी पाहिला, तर ती खात्री. खात्री होईपर्यंत यंत्र लावायचं नाही. पुढच्या पायऱ्या या एका नियमापर्यंत नीट पोचण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: जागा पायी फिरा

कागदपत्रांच्या आधी जागेवर जा. सकाळी जा, घाई नसताना. जिथे खोदायचं तिथेच नव्हे, तर दोन्ही बाजूंना पन्नासेक पावलं पुढेमागे फिरा. जमिनीखालची प्रत्येक लाइन कुठे ना कुठे वर येते, आणि ती कुठे वर आली आहे हे आधी शोधायचं.

रस्त्याकडेला महावितरणचा फीडर पिलर (केबल जोडण्याची लोखंडी पेटी) किंवा छोटा मिनी पिलर दिसला की त्याच्यातून चारही दिशांना केबल गेल्या आहेत असं धरा. दिव्याच्या खांबांवरून तार गेलेली नसेल, तर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत केबल जमिनीतून गेलेली आहे. मॅनहोलची झाकणं एका रांगेत असतात. दोन झाकणांमधली सरळ रेघ म्हणजे मलवाहिनी. पाण्याच्या व्हॉल्व्हची छोटी लोखंडी झाकणं डांबराखाली अर्धी बुडालेली असतात, ती पायाने माती सारून शोधावी लागतात. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून पिवळा रंग दिलेला गॅसचा पाइप खाली उतरतो. तो जमिनीत कुठे शिरतो ते बघा आणि तिथून गेटपर्यंतचा सगळा पट्टा संशयित धरा.

मग जमीन बघा. जुन्या पेव्हर ब्लॉकमध्ये नव्या ब्लॉकचा लांबट पट्टा, डांबरातली वेगळ्या रंगाची पट्टी, पावसानंतर खचून राहिलेली सरळ घळ, या सगळ्या खुणा आधी झालेल्या खोदाईच्या आहेत. मे महिन्यात सगळीकडे गवत वाळलेलं असताना एकाच ओळीत हिरवं असेल, तर खाली गळणारी लाइन असण्याची शक्यता मोठी.

आणि माणसांना विचारा. पाणी सोडणारा चावीवाला, भागाचा वायरमन, सोसायटीचा जुना वॉचमन, नाक्यावरचा जुना दुकानदार. ‘काका, इथे शेवटचं कधी खोदलं होतं?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं. चावीवाल्याला कोणता व्हॉल्व्ह बंद केला की कुणाचं पाणी जातं हे तोंडपाठ असतं, आणि काम सुरू होईल त्या दिवशी त्याचा फोन नंबर तुमच्याकडे असायलाच हवा.

फिरताना एक कच्चा नकाशा काढा. प्रमाणात नसला तरी चालेल. मात्र अंतरं टेपने मोजून लिहा, तीही न हलणाऱ्या गोष्टींपासून: इमारतीचा कोपरा, गेटचा खांब, मॅनहोलचं झाकण.

दुसरी पायरी: कोणाचं काय, आणि कोणाला विचारायचं

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो, कारण एका रस्त्याखाली सात-आठ मालक असू शकतात.

वीज: ठाणे आणि नवी मुंबईत ती बहुतेक ठिकाणी महावितरणची. तुमच्या भागाच्या शाखा कार्यालयात लेखी पत्र द्या आणि संयुक्त पाहणी मागा. घरगुती पाइप गॅस महानगर गॅसचा. त्यांनाही आधी कळवायचं, म्हणजे ते माणूस पाठवून लाइन दाखवतात. पाणी आणि मलनिःसारण महापालिकेचं, ठाण्यात प्रभाग समितीच्या कार्यालयात आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात विचारायचं. पण पाण्याच्या बाबतीत तेवढ्यावर थांबू नका. ठाणे शहराला महापालिकेच्या स्वतःच्या योजनेखेरीज स्टेम ही पाणीपुरवठा संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही पाणी येतं, आणि मुंबईला जाणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या ठाण्यातूनच जातात. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी आणणारी महापालिकेची मोठी लाइन आहे. महापे, रबाळे, पावणे, तुर्भे या पट्ट्यात काम असेल तर एमआयडीसीकडे जाणं टाळूच नका, कारण तिथे पाण्याच्या लाइनीबरोबर कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या लाइनीही आहेत.

त्यानंतर फायबर. टेलिकॉम कंपन्यांच्या केबल इतक्या झाल्या आहेत की एकेकाला पत्र लिहिणं शक्य नाही. यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आहे. २२ मार्च २०२३ ला ते सुरू झालं. कुठे, कधी आणि किती खोदणार ही माहिती त्यात भरली की त्या जागेत ज्यांची मालमत्ता नोंदलेली आहे त्यांना सूचना जाते आणि ते तुम्हाला उत्तर देऊ शकतात. सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं की समन्वयाशिवाय झालेल्या खोदाईत देशात दर वर्षी सुमारे १० लाख ठिकाणी फायबर तुटतं आणि ३,००० कोटी रुपयांच्या आसपास नुकसान होतं. ॲपवर नोंद करा, पण उत्तर आलं नाही म्हणजे खाली काही नाही, असा अर्थ काढू नका. ज्याने आपली लाइन तिथे नोंदवलेलीच नाही, त्याला सूचना जाणार कशी?

आणखी एक मालक आहे, ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं तर फार महागात पडतं: मोठ्या दाबाच्या तेलवाहिन्या आणि वायुवाहिन्या. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर वाहिनी नवी मुंबईतूनच पुढे जाते. अशा वाहिन्यांच्या पट्ट्यावर ठरावीक अंतरावर खांब किंवा फलक असतात आणि त्यावर कंपनीचं नाव व फोन नंबर असतो. १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्यानुसार या पट्ट्यात इमारत बांधायला, विहीर किंवा तळं खोदायला आणि झाड लावायलाही मनाई आहे, मग जमीन तुमच्या नावावर का असेना. असा फलक आसपास कुठेही दिसला तर काम तिथेच थांबवून त्या नंबरवर फोन करा. त्यांचा माणूस हजर असल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका.

बोअरवेलचं काम असेल तर प्रश्न अधिक खोल जातो, शब्दशः. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीखालून येतो. ठाणे–बोरिवली जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाखालून जायचा आहे. जलबोगद्याचं उदाहरण वर आलंच. बोअरवेलवाल्याची गाडी रात्रीत येते, पहाटेपर्यंत काम उरकून जाते आणि परवानगीचं कुणी विचारत नाही, ही पद्धत आता या शहरांत चालवून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

परवानगीबद्दल थोडक्यात: सार्वजनिक रस्ता किंवा फुटपाथ असेल तर महापालिकेची खोदाई परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क, दोन्ही आलं. पावसाळ्यात तातडीची दुरुस्ती सोडून परवानगी मिळणं अवघड असतं, त्यामुळे सगळ्यांची घाई एप्रिल-मेमध्ये होते, आणि घाईतच केबल तुटतात. शक्य असेल तर काम दिवाळीनंतर लावा.

तिसरी पायरी: नकाशा मिळाला, तर तो कसा वाचायचा

नकाशा मिळाला की नवख्याला वाटतं, सुटलो. नकाशात लाइन आहे एवढ्यावर विश्वास ठेवा. ती नेमकी तिथेच आहे आणि तेवढ्याच खोलीवर आहे, यावर नको.

खोलीचं कारण समजून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे कमी दाबाची केबल साधारण ७५ सेंटिमीटर, ११ केव्ही (किलोव्होल्ट) पर्यंतची ९० सेंटिमीटर आणि २२ किंवा ३३ केव्हीची १०५ सेंटिमीटर खोल असायला हवी. गॅसच्या पाइपवर साधारण मीटरभर माती असावी लागते. पण हे माप त्या दिवशीच्या जमिनीपासूनचं. नंतर रस्ता वर आला, भराव पडला, तर लाइन आणखी खाली गेली. उतार कापून फुटपाथ केला, तर केबल वीतभर खोलीवर आली. घोडबंदर रोडला मेट्रो ४ च्या कामासाठी कितीतरी लाइनी सरकवल्या गेल्या. तिथला जुना नकाशा आज अर्धाच खरा असेल. नौपाड्यासारख्या जुन्या, अरुंद भागात तर जागाच नसल्यामुळे लाइनी एकमेकींच्या वरून-खालून गेल्या आहेत.

उलट नवी मुंबई सिडकोने आखून वसवलेली. त्यामुळे सेक्टरच्या रस्त्यांवर लाइनी बऱ्यापैकी ओळीत सापडतात, आणि तिथेच माणूस बेसावध होतो. सेक्टरचा रस्ता संपून गावठाण सुरू झालं, की ती शिस्तही संपते. घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ या गावांच्या जुन्या वस्तीत लोकांनी स्वतः घेतलेल्या नळाच्या आणि विजेच्या जोडण्या कुठल्याही नकाशावर नाहीत.

सोसायटीच्या आत तर नकाशा बहुतेक नसतोच, किंवा असतो तो बिल्डरने मंजुरीसाठी दिलेला. आवारातल्या लाइनी कंपन्यांच्या नसून तुमच्या सोसायटीच्या असतात, त्यामुळे त्या दाखवायला बाहेरून कुणी येणार नाही. आठवून यादी करा: मीटर रूममधून प्रत्येक विंगला जाणारी केबल, पंपाची केबल, बागेतल्या दिव्यांची, सीसीटीव्हीची, गेटच्या केबिनची, बोअरच्या पंपाची, जनरेटरची, आग विझवायच्या हायड्रंटची दाबाखालची लाइन. यांतली जनरेटरची केबल विसरू नका. महावितरणचा पुरवठा बंद केला म्हणून निर्धास्त खोदायला जावं, आणि तेवढ्यात जनरेटर आपोआप सुरू होऊन तीच केबल जिवंत व्हावी, असं होऊ शकतं. काम चालू असताना जनरेटर हातानेच बंद ठेवा आणि त्याच्या खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवा. पंप आणि दिव्यांच्या स्विचचंही तसंच.

चौथी पायरी: लॉकेटर

केबल शोधायचं यंत्र भाड्याने मिळतं, चालवणाऱ्यासकट. मोठं काम असेल तर जरूर आणा. मात्र ते काय दाखवू शकत नाही, हे त्याला आणायच्या आधी जाणून घ्या.

साधा लॉकेटर केबलमधून वाहणाऱ्या विजेमुळे तयार होणारं क्षेत्र पकडतो. वीज वाहत नसेल तर पकडणार काय? रस्त्यावरचे दिवे दिवसा बंद असतात. म्हणून दुपारी बारा वाजता लॉकेटर फिरवला की दिव्यांची केबल सापडत नाही, आणि संध्याकाळी सात वाजता तीच केबल जीवघेणी होते. यंत्रासोबत सिग्नल सोडणारा जनित्र-डबा असतो. तो खांबाला किंवा पिलरला नीट जोडून घेतला तर बंद केबलही सापडते. चालवणाऱ्याने तो डबा गाडीतून बाहेरच काढला नाही, तर त्याला विचारा का.

प्लास्टिकचा गॅसपाइप, पीव्हीसी, फायबर यांत धातू नसेल तर साध्या लॉकेटरला ते दिसतच नाहीत. त्यासाठी जमिनीत लहरी सोडणारं रडार असतं, जीपीआर. ठाण्याच्या मुरमाच्या जमिनीत ते बरं काम करतं. पण वाशी, सानपाडा, नेरूळच्या बऱ्याच भागांत खाली खाडीची खारी, ओली चिकणमाती आहे, आणि अशा मातीत रडारच्या लहरी थोड्याच खोलीत विरून जातात. पडदा कोरा दिसला, तर त्यातून एवढंच कळतं की यंत्राला दिसलं नाही.

जे सापडेल त्यावर लगेच रंगाने खूण करा. चुन्याची रेघ पाण्याचा एक टँकर सांडला की पुसते, म्हणून स्प्रे पेंट वापरा, आणि बाजूच्या भिंतीवर किंवा कर्बवरही बाण काढून ठेवा. खोदकाम सुरू झालं की जमिनीवरची खूण सगळ्यात आधी जाते.

पाचवी पायरी: हाताने चाचणी खड्डा

या पायरीला जितका वेळ लागेल तितका द्या. ठेकेदार कुरकुर करेल, जेसीबीचं भाडं तासावर चढतंय म्हणेल. त्यावर साधा उपाय आहे: चाचणी खड्डे आदल्या दिवशी घ्या, जेसीबी दुसऱ्या दिवशी बोलवा.

जिथे लाइन असेल असं वाटतं, तिथे तिला आडवा, मीटर-दीड मीटर लांब आणि माणूस वाकून काम करू शकेल इतका रुंद खड्डा घ्यायचा. वरचे पेव्हर ब्लॉक हाताने उचला. काँक्रीट असेल तर सर्वांत जास्त जपा, कारण ब्रेकरवाल्याला काँक्रीट कुठे संपतं ते दिसत नाही आणि केबल कधीकधी काँक्रीटच्या तळाला चिकटून किंवा त्याच्या आतच असते. ब्रेकर थोडा थोडा चालवा, तुकडे काढा, बघा, मग पुढे.

काँक्रीट निघालं की टिकाव आणि पहार बाजूला ठेवायला लावा. खरोखर दूर ठेवा, हाताशी नको, कारण माती कडक लागली की माणूस नकळत पहार उचलतो, आणि पहारेचं टोक हे केबलचं वेष्टन फोडायला सर्वांत सोपं हत्यार आहे. लाकडी किंवा फायबरच्या दांड्याचं फावडं वापरा, पातळ पातळ थर काढा. लाइनीच्या डोक्यावरून सरळ खाली जाऊ नका. थोडं बाजूने उतरा आणि आडवं तिच्याकडे या.

माती बोलते, ते ऐकायला शिका. आजूबाजूला लाल मुरूम किंवा काळी चिकणमाती असताना मध्येच स्वच्छ रेती किंवा ग्रिट लागलं, तर ती कुणीतरी मुद्दाम टाकलेली आहे, केबलच्या किंवा पाइपच्या गादीसाठी. विटांची ओळ किंवा सिमेंटच्या फरश्या लागल्या, तर त्यांच्याखाली केबल आहे असं समजा. लाल किंवा पिवळी प्लास्टिकची पट्टी, जाळी किंवा मॅट लागली, तर लाइन तिच्या खाली फूटभरावर असू शकते. यांतलं काहीही दिसलं की फावडंही बाजूला ठेवा आणि हाताने, लाकडाच्या पट्टीने माती सारा.

पण पट्टी दिसली नाही म्हणून पुढे धडक मारायची नाही. आता बऱ्याच लाइनी रस्ता न फोडता, जमिनीतून आडवं भोक पाडून ओढल्या जातात. तिथे चर खोदलेलाच नसतो, म्हणून वर रेती नाही, वीट नाही, पट्टीही नाही. माती पूर्ण न हललेली दिसते आणि तिच्या मधोमध पाइप असतो.

रंगावरून निष्कर्ष काढायचा मोह सगळ्यांना होतो. गॅसचा पाइप पिवळा असतो, तसा नारिंगीही असतो. फायबर आणि केबलच्या डक्टही नारिंगी असतात. मातीत दहा वर्षं राहिल्यावर सगळे एकाच रंगाचे होतात. मालकाने येऊन सांगेपर्यंत प्रत्येक पाइपात गॅस आहे आणि प्रत्येक केबलमध्ये वीज आहे असंच वागा. ‘ही जुनी बंद केबल आहे, काप’ असं कुणी जागेवर म्हणालं तर ते लेखी मागा.

लाइन सापडली की तिची खोली आणि दिशा मोजा, आणि थोड्या अंतरावर दुसरा खड्डा घ्या. एका खड्ड्यातून फक्त एक बिंदू कळतो. वळण कळायला निदान दोन-तीन लागतात, आणि केबल वळते तीसुद्धा कुणाला विचारून वळत नाही.

सहावी पायरी: आता यंत्र

लाइन डोळ्यांनी दिसल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जागा पक्की राखून ठेवा. तेवढ्यात बकेट जाणार नाही, हातानेच काम होईल. जेसीबीच्या बकेटला दात असतील तर ते बदलून सपाट पात्याचं बकेट लावता येतं का ते विचारा. एक माणूस फक्त बघायला ठेवा. त्याच्याकडे दुसरं काहीही काम नको, मोबाइलही नको. ऑपरेटरला तो सतत दिसत राहिला पाहिजे आणि त्याने हात वर केला की यंत्र थांबलं पाहिजे.

सकाळी काम सुरू करण्याआधी सगळ्यांना एकत्र उभं करून सांगा, त्यांना समजेल त्या भाषेत. नाक्यावरून आलेले कामगार मराठवाड्यातले असतील, कर्नाटकातले असतील, झारखंडचे असतील. मराठीत बोललं आणि सगळ्यांनी माना हलवल्या म्हणजे समजलं असं नाही. दोघांना उलट विचारून बघा. आणि हे स्पष्ट सांगा की काही वेगळं दिसलं, वास आला, मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर कुणीही काम थांबवू शकतो आणि त्याचा हजेरीवर परिणाम होणार नाही. रोजंदारीवरच्या माणसाला हे आपण सांगितल्याशिवाय तो थांबणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

कपड्यांबद्दल एकच: केबल फुटली तर ठिणगीचा भडका उडतो आणि पॉलिस्टरचा शर्ट अंगाला चिकटून वितळतो. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा आणि गमबूट. बाजारातले साधे रबरी हातमोजे विजेपासून वाचवत नाहीत. त्यांच्या भरवशावर कुणाला केबलजवळ पाठवू नका.

लाइनींखेरीज जमिनीत आणि भोवती काय लपलेलं असतं

केबलकडे लक्ष देताना चराच्या भिंतीकडे दुर्लक्ष होतं. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना आधार द्यावाच लागतो किंवा बाजू उताराच्या कापाव्या लागतात. मानकच तसं सांगतं. काढलेली माती काठावर रचू नका. काठापासून निदान दीड मीटर दूर, आणि चर तीन मीटरपेक्षा खोल असेल तर खोलीच्या निम्म्याइतकं दूर. शिडी लावा, तिचं वरचं टोक जमिनीच्या मीटरभर वर येऊ द्या. मातीखाली गाडला गेलेला माणूस वाचवायला हातात फार थोडी मिनिटं असतात.

खाडीलगतच्या भागात आणखी एक गोष्ट. नवी मुंबईतल्या काही सेक्टरांची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणूनच तिथे भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव केले आहेत. सकाळी कोरडा असलेला चर दुपारच्या भरतीला खालून भरू शकतो आणि बाजूची माती लोण्यासारखी सुटते. भरती-ओहोटीची वेळ बघूनच खोल काम लावा. पाणी उपसायला डिझेलचा पंप असेल तर तो चरात उतरवू नका, त्याचा धूर तिथेच साचतो. विजेचा पंप असेल तर वीज गळली की पुरवठा तोडणारा, ३० मिलिॲम्पिअरला तुटणारा आरसीसीबी स्विच लावल्याशिवाय सुरू करू नका.

जुन्या कुंपणभिंतीच्या पायाशी खोदत असाल तर ती भिंत आधीच पडणार आहे असं धरून वागा, आणि दुसऱ्या बाजूला कुणाची झोपडी, कुणाची पार्किंग आहे ते बघून या. मोठ्या झाडाची जाड मुळं कापू नका, झाड पुढच्या पावसाळ्यात पडतं. शिवाय त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाला विचारावं लागतं.

गावठाणात आणि जुन्या चाळींच्या जागी बुजवलेल्या विहिरी आणि संडासाच्या जुन्या टाक्या सापडतात. फावडं अचानक सहज आत गेलं, पोकळ आवाज आला, राडारोडा आणि कोळसेवजा काळी माती लागली, तर सगळ्यांना मागे घ्या. टाकी उघडली गेली तर तिच्यात कुणीही उतरायचं नाही, पडलेलं हत्यार काढायलाही नाही. सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं माणसाला वाटतं. एक पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, तोही पडला, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो. अग्निशमन दलाला बोलवा, त्यांच्याकडे श्वासाची उपकरणं असतात.

एमआयडीसी पट्ट्यात मातीला निळसर, हिरवट रंग दिसला, रसायनाचा उग्र वास आला किंवा गंजलेला पिंप लागला, तर माती हातात घेऊन बघू नका. काम थांबवून एमआयडीसीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

लागलंच तर

विजेची केबल लागली: जेसीबीचा ऑपरेटर केबिनमध्येच बसून राहील, धातूला हात लावणार नाही. बाकीचे सगळे दूर. यंत्राला आग लागली तरच उतरायचं, आणि तेव्हा दोन्ही पाय जोडून उडी मारायची, मग पाय न उचलता, जोडलेलेच ठेवून, जमिनीवर घासत घासत लांब जायचं. जमिनीत वीज पसरलेली असताना लांब ढांग टाकली तर दोन पायांमधूनही झटका बसतो. दिवे गेले म्हणून केबल मेली असं समजू नका, सबस्टेशनमधून पुरवठा पुन्हा सुरू होऊ शकतो. १९१२ वर फोन करा आणि महावितरणच्या माणसाने येऊन बंद केल्याचं सांगेपर्यंत कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. झटका बसलेल्याला ओढायला हात लावण्याआधीही हाच नियम.

गॅसचा पाइप लागला: चावी फिरवून जेसीबी बंद करा आणि तिथून निघा, वारा जिकडून येतोय त्या बाजूला. भोक बोळ्याने, मातीने बुजवायचं नाही. वरून माती टाकली की गॅस मातीतून गटारात आणि तळमजल्याच्या खोल्यांत शिरतो. फोन लांब जाऊन करा, गॅसच्या बिलावर छापलेल्या आपत्कालीन नंबरवर आणि १०१ वर. बिडी, रिक्षा, स्कूटर, दिव्याचं बटण सगळं थांबवा. गॅस पेटलाच असेल तर ज्वाला विझवायच्या फंदात पडू नका, आजूबाजूचं पेटणार नाही एवढं बघा. व्हॉल्व्ह गॅस कंपनी बंद करेल.

मोठी जलवाहिनी फुटली तर आधी चरातली माणसं बाहेर, मग चावीवाल्याला फोन. पाण्याच्या झोताने काठ आतून पोखरला जातो, त्यामुळे काठावर उभं राहून व्हिडिओ काढणाऱ्यांना हटवा.

फायबर तुटलं तर जीव जात नाही, म्हणून लोक ते गुपचूप मातीखाली ढकलतात. तसं करू नका. एखाद्या रुग्णालयाची किंवा एटीएमची लाइन त्याच्यातून जात असते. कळवलं तर तासाभरात जोडणारा येऊ शकतो, लपवलं तर त्याला जागा शोधायलाच दिवस जातो. केबलला नुसता ओरखडा गेला किंवा गॅसच्या पाइपवर बकेटचा दात घासला, तरी कळवा. ओली हवा आणि खारी माती त्या ओरखड्याचं पुढे काय करते, ते पावसाळ्यात कळतं.

बुजवण्याआधी

चर उघडा असताना फोटो काढा, टेप बाजूला धरून. प्रत्येक लाइनीची खोली आणि दोन पक्क्या जागांपासूनचं अंतर लिहा. काढलेल्या विटा, फरश्या, रेती जशी होती तशी परत ठेवा. राडारोडा आणि मोठे दगड थेट केबलवर लोटू नका. नवी लाइन टाकली असेल तर तिच्यावर फूटभर माती झाल्यावर इशारापट्टी अंथरा, आणि प्लास्टिकचा पाइप असेल तर सोबत तांब्याची वायर टाकून तिची दोन्ही टोकं चेंबरमध्ये वर आणा, म्हणजे पुढच्या माणसाच्या लॉकेटरला ती सापडेल. थर ओला करून, दाबून भरा. मग नकाशाच्या तीन प्रती करा: एक ज्याची लाइन आहे त्याला, एक सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या फायलीला, आणि एक प्लास्टिकमध्ये घालून मीटर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, तारीख टाकून.